ओळीसमोर नाव लिही

प्रिय पोरी,

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी वाचला. गोदामाच्या प्रोजेक्टला स्कोप प्लॅन (काम कुठवर, त्याचा) आणि रिक्वायरमेंट प्लॅन (कुणाला काय हवं, त्याचा) वेगळे कशाला, एकाच फाइलीत उरकून टाक, असं वरिष्ठ म्हणतात. तुला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. सांगता आलं पाहिजे गं! 'पीएमबॉक'ची, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाच्या त्या प्रमाण मार्गदर्शक पुस्तकाची, सहावी आवृत्ती तू घोकली आहेस. तिच्यात 'प्लॅन स्कोप मॅनेजमेंट' या एकाच प्रक्रियेतून हे दोन्ही आराखडे निघतात. म्हणूनच लोकांना वाटतं, एक केला की दुसरा झाला.

स्कोपचा आराखडा म्हणजे कुंपण कसं घालायचं ते: स्कोप स्टेटमेंट कसं लिहायचं, डब्ल्यूबीएस, म्हणजे सगळ्या कामाची लहान लहान तुकड्यांत फोड, कशी करायची, झालेलं काम तपासून ताब्यात कोण घेणार. रिक्वायरमेंटचा आराखडा म्हणजे कुणाला विचारायचं, आधी कुणाचं ऐकायचं, मागणी बदलली तर मंजुरी कुणाची, आणि तिचा शेवटपर्यंत माग कसा ठेवायचा. यात माझा हट्ट एकच. प्रत्येक गरजेसमोर माणसाचं नाव लिही. 'अकाउंट्स' नको, 'ऑपरेशन्स' नको, 'युजर' तर नकोच. नाव.

हे मी एका साखर कारखान्याच्या काट्यावर शिकलो. ऊस वजनाचं संगणकीकरण होतं. स्कोप इतका देखणा लिहिला होता की संचालकांनी माना डोलावल्या. गाळप सुरू झालं. पहिल्याच रात्री ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. पुढच्या ट्रॉलीत एकाचा ऊस, मागच्या ट्रॉलीत त्याच्या चुलत्याचा. आमचं सॉफ्टवेअर एका गाडीला एकच पावती द्यायचं. काट्यावरच्या क्लार्कनं माझ्याकडे एकदा पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही ट्रॉल्यांची वजनं पावतीच्या पाठीमागे लिहायला घेतली. तोवर बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती.

त्या क्लार्कला मी आधी विचारलंच नव्हतं. शेती अधिकाऱ्याला विचारलं, चेअरमनच्या पीएला विचारलं, याला नाही. वर स्कोपमधली ओळ न् ओळ पूर्ण झाली आहे हे भांडून सिद्ध केलं आणि बिल पास करून घेतलं. हंगामभर त्याला 'काटेवाले' म्हणत राहिलो. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

ही काही आपल्याकडचीच रड नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं काम 1959 मध्ये संकल्पन पुरं व्हायच्या आत सुरू झालं. मोठ्या सभागृहात ऑपेराही होणार होता आणि वाद्यवृंदाच्या मैफलीही. वास्तुविशारद यॉर्न उट्झन 1966 मध्ये बाहेर पडला. त्यानंतर ते सभागृह फक्त मैफलींसाठी ठरलं, ऑपेरा छोट्या सभागृहात गेला आणि मोठ्यातली रंगमंचाची यंत्रं काढून टाकावी लागली. 70 लाख डॉलरचा अंदाज होता, 1973 मध्ये उद्घाटन झालं तोवर 10 कोटी 20 लाख झाले. खर्च वाढायला इतरही कारणं होती, मान्य. पण एका सभागृहाला दोन धनी, आणि वरचढ कोण ते ठरलं अर्धी इमारत उभी राहिल्यावर!

आता म्हणू नकोस, 'सर, आम्ही अजाइल करतो.' थोडं थोडं करत, बदलत पुढे जायची ती पद्धत; तिच्यातल्या तुमच्या गरजांच्या चिठ्ठ्या पाहिल्यात मी. 'एक युजर म्हणून मला अमुक हवं.' कोण हा युजर? भेटलीस कधी त्याला?

पुढे एका कामात नावं मिळेपर्यंत मी सही अडवून धरली. तीन आठवडे. शेवटी ते काम दुसऱ्याकडे गेलं आणि त्या वर्षीची बढतीही. 'केली असतीस सही तर काय बिघडलं असतं?' असं बायको अजून विचारते. मी बरोबरच होतो. थोडं गोड बोलून तेच करता आलं असतं, एवढं कबूल करतो. पण बरोबरच होतो.

तेव्हा फाइल एक की दोन यावर भांडत बसू नकोस. एकच ठेव हवी तर. आत तक्ता मात्र वेगळा कर: गरज, नाव, डब्ल्यूबीएसमधलं काम. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती गरज कुणीच पुरी करणार नाहीये. काम आहे पण गरज सापडत नाही, तर ते कुणाच्या तरी हौसेखातर चाललंय. दुसरा रिकामा असेल तर लॅपटॉप मिट आणि गोदामात जा.

शुक्रवारपर्यंत तक्ता पाठव. रात्रपाळीला माल उतरवून घेणाऱ्या माणसाचं नाव त्यात नसेल, तर मी फोन उचलणार नाही.