'यूज्ड टू'मधला 'टू' आणि आपला 'ला'

म्हापशाहून प्रश्न आलाय: 'आय यूज्ड टू गो' बरोबर की 'आय वॉज यूज्ड टू गोइंग'? आणि 'डिडन्ट'च्या पुढे 'यूज' लिहायचं की 'यूज्ड'?

दोन्ही वाक्यं बरोबर, अर्थ वेगवेगळे. चूक आहे ती तिसरीच. ती प्रश्नात नाही, पण पणजीच्या कचेऱ्यांत आणि कदंबच्या बसमध्ये रोज कानावर आदळते: 'आय ॲम यूज्ड टू गो टू म्हापसा एव्हरी फ्रायडे.' म्हणायचं असतं, मी दर शुक्रवारी बाजाराला म्हापशाला जातो. त्याला 'आय गो' पुरतं, फार तर मध्ये 'यूज्वली' घाला. 'ॲम यूज्ड टू' हे तिथे शोभेला आणून ठेवलेलं असतं.

सुरी वापरली, साबण वापरला, हा 'यूज्ड' सोडून देतो. त्यात कुणी अडखळत नाही. 'आय यूज्ड टू गो' म्हणजे मी जायचो, जात असे. 'आय वॉज यूज्ड टू गोइंग' म्हणजे मला जायची सवय होती. पहिल्यात 'यूज्ड' हे भूतकाळी क्रियापद आहे आणि पुढे हेत्वर्थक ('जायला'सारखं) रूप आलंय. दुसऱ्यात 'यूज्ड' विशेषण झालंय, आणि 'टू' हे नामाआधी लागणारं शब्दयोगी. ओळखायचं कसं? क्रियापद काढा आणि तिथे नाम बसवा. 'आय वॉज यूज्ड टू द रेन' चालतं, पावसाची सवय होती. 'आय यूज्ड टू द रेन' लंगडं पडतं. नाम बसलं की क्रियापदाला 'इंग' लावायचं. म्हणूनच 'लुक्ड फॉरवर्ड टू मीटिंग यू' आणि 'ऑब्जेक्टेड टू पेइंग'. आमंत्रणपत्रांच्या शेवटी छापलेलं 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' याच कसोटीवर गळतं.

ही कसोटी 'ॲग्रीड'पाशी मात्र फसते. 'ॲग्रीड टू द प्लॅन' चालतं, तरी पुढे 'ॲग्रीड टू गो'च म्हणतात, 'टू गोइंग' सहसा नाही. 'कन्सेंटेड'चंही तेच. ही दोन पाठ करून टाका.

आता खरी गंमत. हे दोन 'टू' मुळात एकच आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'करणे' या अर्थाचं रूप होतं 'डोन'. त्याच्याआधी 'टू'चा पूर्वज 'तो' आला की ते चतुर्थीत जायचं: 'तो डोन्ने'. अक्षरशः 'करण्याला'. पुढे शेवटचा प्रत्यय झिजला, 'टू' तेवढा उरला, आणि शाळेत तो क्रियापदाचाच तुकडा म्हणून शिकवू लागले. आपल्याकडे 'जायला'ची हीच गत झाली. त्यात चतुर्थीचा 'ला' उघड्यावर बसलेला दिसत असताना त्याला 'अव्यय' म्हणून खातं बंद करणारी पुस्तकं मला कधीच पटली नाहीत. अव्यय ते आज असेल. झालं कशापासून, ते सांगा ना!

गोव्यात तर हे आणखी स्पष्ट दिसतं, कारण शेजारच्या घरातच पुरावा आहे. कोंकणी 'वचपाक' (जायला) म्हणजे 'वचप' (जाणं) हे नाम आणि त्याला चतुर्थीचा 'क'. आणि त्याच अर्थाचं 'वचूंक'? माझ्या मते त्यातला 'ऊं' हा संस्कृत 'तुम्'चा प्राकृतातून आलेला वंशज. मराठीतल्या 'करूं', 'जाऊं'मध्येही तोच बसलाय. 'गन्तुम्'मधला 'तुम्' स्वतः एका जुन्या कृदंत नामाची द्वितीया. वेदात त्याच नामाची चतुर्थीही सापडते: 'पातवे' म्हणजे प्यायला, 'हन्तवे' म्हणजे मारायला. तेव्हा 'वचूंक' म्हणजे द्वितीयेच्या पाठीवर बसलेली चतुर्थी. 'ऊंक' हा एक अखंड प्रत्यय आहे असं सांगून पुढे जाणाऱ्यांनी इतका सुंदर जोड हातचा घालवला.

याचा उपयोग लगेच आहे. चतुर्थीची नजर पुढे असते, अजून न घडलेल्या गोष्टीकडे. 'ही स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे तो बोलायला थांबला. बोलणं पुढे आहे. 'ही स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे तो बोलायचा थांबला. नुसता 'ला' की 'चा', एवढ्यावर मराठीतही अर्थ उलटतो. 'रिमेम्बर्ड टू लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायला विसरला नाही. 'रिमेम्बर्ड लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं आठवलं. 'लावायला' आणि 'लावल्याचं' हा फरक ज्याच्या कानात आहे, त्याला या जोड्यांचे तक्ते पाठ करायची गरज नाही.

हाच 'ला' तीन ठिकाणी हमखास पाडतो. 'पणजीला पोचलो'चं 'रीच्ड टू पणजी' होतं. 'रीच्ड'ला कर्म थेट लागतं, मध्ये काही नको. 'मला जायला लावलं'चं 'मेड मी टू गो' होतं. हवं 'मेड मी गो'. (कर्मणीत तो 'टू' परत येतो: 'आय वॉज मेड टू गो'.) आणि 'जायला सुचवलं'चं 'सजेस्टेड टू गो' होतं, हवं 'सजेस्टेड गोइंग'. 'डिस्कस्ड अबाउट' आणि 'रिक्वेस्टेड फॉर' यांचा उगम वेगळा आहे: 'डिस्कशन', 'रिक्वेस्ट' या नामांना 'अबाउट', 'फॉर' लागतात, ते लोक क्रियापदालाही डकवतात. क्रियापद असेल तर ते खोडा, एवढंच.

'डिडन्ट वेंट'वर औषधही कोंकणीतच आहे. मराठीत 'गेलो नाही' म्हणताना भूतकाळ मुख्य क्रियापदावरच असतो, म्हणून इंग्रजी बोलतानाही तो तिथे नेला जातो. 'हांव वचूंक ना' (मी गेलो नाही) उच्चारून बघा. त्यात 'वच'वर भूतकाळाची खूण कुठेच नाही, हेत्वर्थक रूप आणि 'ना' मिळून काम भागतं. इंग्रजीतही काळ 'डिड'ने उचलला की मागचं क्रियापद मोकळं.

आता त्या 'आय ॲम यूज्ड टू गो'बद्दल माझा लाडका तर्क. पोर्तुगीजमध्ये 'मी सहसा जातो' याला 'कोस्तुमो ईर' म्हणतात: सवयीचं क्रियापद वर्तमानकाळात, पुढे 'जाणे'. 'यूज टू गो'चा साचा हुबेहूब. १९६१ पर्यंत पोर्तुगीजमधून शिकलेल्या पिढीने इंग्रजी उचलताना हा साचा सोबत आणला आणि इथल्या इंग्रजीत तो मुरला, असं मला वाटतं. ही चूक मुंबई-पुण्यातही ऐकू येते, तिथे कुठली पोर्तुगीज, असा आक्षेप तयारच असतो. इंग्लंडच्या राजाशी पोर्तुगीज राजकन्येच्या १६६१च्या विवाहकरारापर्यंत मुंबई पोर्तुगीजांचीच होती, हे गमतीत सोडून देऊ. पण एकाच चुकीला दोन गावांत दोन वेगळे बाप असायला हरकत काय?

शिवाय ही चूक एके काळी चूकच नव्हती. १६११च्या इंग्रजी बायबलात, स्तोत्र ११९, वचन १३२ मध्ये 'ॲज दाउ यूझेस्ट टू डू' आहे: तू करत आलास तसं. सवयीचा 'यूज' तेव्हा वर्तमानकाळातही चालायचा. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारा इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला तो हीच इंग्रजी घेऊन. पुढे वर्तमानकाळ मेला, 'यूज्ड' हे भूतकाळी रूप तेवढं मागे राहिलं. 'ऑट टू'ही असाच: 'ओ' म्हणजे देणं लागणे, त्याचा तो जुना भूतकाळ. त्याचा काळ तर आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

हां, 'डिडन्ट'. 'डिडन्ट यूज टू' लिहा. 'यूज्ड टू' हा गोठलेला शब्द आहे, तेव्हा 'डी' ठेवाच, असं सांगणारा एक पंथ आहे. मग त्यांनी 'डिडन्ट वेंट'लाही सही करावी. गोंधळ मुळात कानाचा. 'सवय'वाल्या 'यूज्ड टू'चा उच्चार 'यूस्टु' होतो: पुढच्या कठोर 'ट'मुळे 'झ'चा 'स' होतो, 'युज्' आणि 'त' मिळून 'युक्त' होतं त्याच न्यायाने. 'हॅव टू'चं 'हॅफ्टु' होतं तेही असंच. 'यूज टू' आणि 'यूज्ड टू' कानाला सारखेच लागतात, म्हणून 'आय यूज टू गो' असं 'डी' गाळून लिहिलं जातं. होकारार्थी वाक्यात तो 'डी' हवाच. परीक्षेच्या पेपरात वाद नको असेल तर 'नेव्हर यूज्ड टू' लिहा, त्याला कुणीच लाल रेघ मारणार नाही.