सारखा आजारी पडतो, म्हणजे इम्युनिटीच नाही का?

मुलगा तीन वर्षांचा, प्लेस्कूल सुरू होऊन चार महिने आणि तेवढ्यात पाच वेळा सर्दी-ताप. आई बसल्या बसल्याच रडायला लागली, "याची इम्युनिटी झिरो आहे मॅडम, नोकरीसाठी अंगावरचं दूध लवकर तोडलं ना मी". डॉक्टरांनी तपासून वजन, वाढ सगळं नीट सांगितलेलं, तरी घरात सिरपच्या तीन बाटल्या आणि प्लेस्कूल बंद.

मी विचारलं, बरा असतो तेव्हा कसा असतो? "अहो, घर डोक्यावर घेतो!" माझं निम्मं काम तिथेच झालं. वजन वाढत नसतं किंवा परत परत न्यूमोनिया होत असता तर आधी डॉक्टरांकडेच परत पाठवलं असतं.

म्हटलं, पोटात असताना तुमच्याकडून गेलेल्या अँटीबॉडीज (जंतूंशी लढणारी प्रथिनं) उसन्या असतात, काही महिन्यांत संपतात, पुढची कमाई ज्याची त्याने करायची. नवा व्हायरस आला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्याच पेशी असतात, त्यांची फौज व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर नाक वाहणारच. नंतर त्यातल्या काही पेशी आठवण धरून राहतात, तोच परत आला तर काम पटकन होतं. गोची अशी की सर्दीच्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच 100 हून जास्त प्रकार, म्हणून या वयात वर्षाला 6-8 वेळा सर्दी नॉर्मलच.

आणि आठवण टिकते किती? 1846 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पानुम नावाच्या डॉक्टरने बघितलं की 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेले म्हातारे यातून सुटले. 65 वर्षांनी!

यावर तिचा नवरा म्हणाला, मग गोवरही होऊ द्यावा की, लस कशाला? मी जरा चिडलेच. गोवर जीव घेऊ शकतो, शिवाय आधी कमावलेल्या आठवणीही बऱ्याच पुसून टाकतो. लसीने तीच ओळख होते, आजार न काढता.

लसीचं कार्ड मागितलं तर गोवराचा दुसरा डोस राहिलेला, का तर तेव्हा सर्दी होती म्हणून. साध्या सर्दीत लस देतात हो, म्हटल्यावर दोघं एकमेकांकडे बघत बसले.

डोस झाला, प्लेस्कूल सुरू झालं. महिन्याने आईचा फोन, परत सर्दी झालीय, पण या वेळी रडू नव्हतं, फक्त विचारत होती, नाक चोंदलं की झोपवायचं कसं.