‘पात्रं लाकडी वाटतात,’ असं संपादक म्हणतात

कथा लिहिणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं दिली जातात. उत्तरं देणाऱ्या लेखिका स्वतः ऑटिस्टिक आहेत. निदान चाळिशीनंतर झालं. कथांवर घर चालत नाही म्हणून त्या मुद्रितशोधन करतात.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा आहे, वारज्याला राहतो, आयटीत टेस्टिंगचं काम करतो. गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. दिवाळी अंकांना पाठवलेल्या सगळ्या कथा साभार परत आल्या. एका संपादकांनी मात्र वेळ काढून लिहिलं, ‘भाषा स्वच्छ आहे, पण पात्रं लाकडी वाटतात, त्यांच्या मनात शिरता येत नाही.’ बहीण म्हणते, तुला माणसं कळतच नाहीत, हा तुझा ऑटिझम आहे, तू आपले विज्ञानावर लेख लिही. एक कथा सोबत जोडली आहे. कथा लिहिणं सोडू का?

उत्तर : सोडू नका. कथा वाचली. हातात पेन्सिल घेऊनच वाचली, मला तशी सवयच आहे.

आधी बहिणीचं म्हणणं घेऊ. ते तिचं एकटीचं नाही. त्याच्यामागे बऱ्याच अंशी लंडनमधला १९८५ सालचा एक प्रयोग आहे. सॅली आणि अ‍ॅन या दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तेवढ्यात अ‍ॅन ती काढून खोक्यात ठेवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? वीस ऑटिस्टिक मुलांना हे विचारलं, त्यातली सोळा चुकली. ‘टोपलीत’ म्हणण्याऐवजी त्यांनी खोकं दाखवलं, म्हणजे सॅलीने अदलाबदल पाहिलेली नाही हे धरलंच नाही. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांचा हा निबंध आला आणि ‘ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. बरोबर उत्तर देणाऱ्या चार मुलांची चौकशी फारशी कुणी केली नाही. मुलाची भाषा जसजशी पुढे जाते तसतसं हे कोडं सुटण्याची शक्यता वाढते, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलं. तुमची भाषा तर संपादकांनाही स्वच्छ वाटली आहे.

पुढे २०१२ मध्ये डेमियन मिल्टन यांनी हा प्रश्न उलटा करून मांडला. ते ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, आणि स्वतः ऑटिस्टिक. त्यांचं म्हणणं असं की न कळणं दोन्ही बाजूंना असतं. ऑटिस्टिक माणसांना इतरांचे चेहरे कळत नाहीत, तसे ऑटिस्टिक माणसांचे चेहरे इतरांनाही कळत नाहीत. फरक इतकाच की दुसऱ्या न कळण्याला कुणी आजाराचं नाव दिलं नाही. मग २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ आपला कानगोष्टींचा खेळच मांडला. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची असं ठरवलं. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली, जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळत गेली. पुढे हाच प्रयोग बऱ्याच जास्त माणसांवर केला तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही, म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नका. ऑटिस्टिक साखळी मात्र दोन्ही वेळा कमी पडली नाही. एवढं बहिणीला सांगा आणि विषय बंद करा.

कथेला या इतिहासाचा काही उपयोग नाही, कारण संपादकांचं म्हणणं बरोबर आहे. तुमची पात्रं लाकडी आहेत. पण सगळीकडे नाहीत, आणि कुठे आहेत हे बघण्यासारखं आहे.

तुमच्या कथेत निवृत्त नाना मुलीला साताऱ्याच्या गाडीत बसवायला स्वारगेटला येतात. तुम्ही लिहिता, ‘नानांना खूप दुःख झालं. मुलगी दूर चालल्यामुळे त्यांना एकाकी वाटू लागलं. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले.’ इथे मी समासात उभी रेघ मारली आहे. हे गेलं तरी काही बिघडत नाही. आता याच पानावरचं वर बघा : ‘नानांनी कंडक्टरला विचारलं, गाडी खंबाटकीच्या अलीकडे थांबते का. मग तेच ड्रायव्हरला विचारलं. मग खिडकीखाली उभं राहून मुलीला सांगितलं, थांबते.’

इथे नाना जिवंत आहेत. मुलगी कमावती आहे, साताऱ्याला कितीदा जाऊन आलेली आहे, गाडी कुठे थांबते हे तिला पाठ आहे. तरी नाना दोघांना विचारून खात्री करतात आणि बातमी आणल्यासारखं तिला सांगतात. दुःख, एकाकी, पाणावले यांतला एकही शब्द नाही. तुम्ही हे फलाटावर कधीतरी पाहिलं असणार, बहुधा घरातल्याच कुणाला करताना.

मग ती आधीची वाक्यं कुठून आली? माझ्या मते ती मास्किंग आहेत. ऑफिसात आपण जे करतो तेच. समोरच्याला बरं वाटावं म्हणून डोळ्याला डोळा देतो, योग्य ठिकाणी हसतो, ‘वीकेंड कसा गेला’ विचारतो. तेच तुम्ही कागदावर केलंत. बाकीच्यांच्या कथांत माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, म्हणून तुमच्या नानांनीही बघितलं. तुम्ही स्वतः बघता का? मी नाही बघत. मी चपला बघते, पिशवी कोणत्या हातात आहे ते बघते, आवाज कुठे चिरकला ते मला ऐकू येतं. माझी पात्रंही तेच बघतात. ती ऑटिस्टिक आहेत का, असं आजवर कुणा वाचकाने विचारलेलं नाही. ‘बारकावे छान टिपता’ एवढंच म्हणतात.

तेव्हा पुढच्या खर्ड्यात भावनांची नावं शोधून काढा. आधी खुणा करा, खोडण्याची घाई नको. प्रत्येक खुणेपाशी विचारा की हे मी पाहिलं आहे, की असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं आहे? काही नावं राहतील, राहू द्या. ‘आईला राग आला’ हे वाक्य वाईट नाही, कधीकधी तेच सगळ्यात लवकर काम उरकतं.

आणखी एक. ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्या जणांना स्वतःला नेमकं काय वाटतंय ते ओळखायला आणि सांगायला जड जातं. याला अ‍ॅलेक्सिथिमिया म्हणतात. वाटत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. पोटात गोळा येतो, दात आवळले जातात, आणि तो राग होता की भीती हे दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना कळतं. माझं तसं होतं. कथालेखकाला ही अडचण आहे असं मला वाटत नाही. पात्राला आधी पोटातला गोळा द्या. त्याचं नाव वाचक ठेवेल.

संवादांचा प्रश्न मला जास्त गंभीर वाटतो. तुमच्या कथेत विचारलेल्या प्रश्नाला प्रत्येक जण उत्तर देतो, पूर्ण वाक्यात, मुद्देसूद. अहो, पुण्यात असं कोण बोलतं? मंडईत जा.

‘मेथी कशी दिली?’
‘किती घेताय?’
‘चांगली तरी आहे का?’
‘ताई, सकाळपासून पाणी मारतोय.’

अजून दर कुणी उच्चारलेला नाही, पण दोघांचं काम चालू आहे. तिला कमी पैशात हवी आहे आणि त्याला दोन जुड्या खपवायच्या आहेत. माझी पद्धत कंटाळवाणी आहे, पण उपयोगी पडते. संवाद लिहिण्याआधी कागदाच्या डाव्या बाजूला लिहायचं की या माणसाला या क्षणी काय हवंय. उजव्या बाजूला, ते न मागता मिळवायला तो काय बोलेल. मग डावी बाजू फाडून टाकायची. बाकीच्या लेखकांना हे आपोआप जमतं म्हणे. जमत असेल. मला लिहून काढावं लागतं, आणि लिहून काढल्यामुळे कोण काय लपवतंय याचा घोळ होत नाही.

नियम पाठ करून जगायची आपल्याला सवय असते, ती इथे कामाला लावा. कोण कुणाला अहो-जाहो करतं, कोण अरे-तुरे करतं, याची वही ठेवा. स्वतःच्या आईला ‘अगं आई’ आणि सासूला ‘अहो आई’ म्हणणारी सून एक दिवस सासूला नुसतंच ‘अहो’ म्हणते. स्वयंपाकघरात काहीतरी घडलं आहे. तुम्हाला ते कुणाच्या चेहऱ्यावरून ओळखायची गरज नाही, ऐकलं तरी पुरे.

कथा झाली की बहिणीलाच वाचायला द्या, पण ‘कशी वाटली’ विचारू नका. ‘छान आहे’ हे उत्तर येईल आणि त्याचा अर्थ लावण्यात तुमचा आठवडा जाईल. विचारा की चौथ्या पानावर मुलगी चिडली आहे असं वाटलं का, आणि कोणत्या ओळीला वाटलं. हे तर तुमचं रोजचं टेस्टिंगच झालं.

प्रश्न : माझ्या कादंबरीत एक ऑटिस्टिक मुलगा आहे. कुठलीही तारीख सांगितली की तो वार सांगतो. मी स्वतः ऑटिस्टिक नाही. पात्र विश्वसनीय वाटेल ना? (हडपसर)

उत्तर : नाही वाटणार. असं विलक्षण कौशल्य असणारे थोडेच असतात, आणि कथाकादंबऱ्यांत मात्र तेच भेटतात. वार काढून टाका आणि बघा, मुलगा शिल्लक राहतो का. त्याला काय हवंय? त्याला कुणाची चीड येते? तो खोटं कधी बोलतो? (बोलतो. आम्ही खोटं बोलत नाही ही आणखी एक दंतकथा.) गणपतीत ढोलाच्या आवाजाने तो कान झाकून खाली बसत असेल, तर त्याला हट्ट म्हणू नका, आणि तो प्रसंग त्याच्या आईच्या बाजूने न लिहिता त्याच्या बाजूने लिहून बघा. मग दोन-तीन ऑटिस्टिक प्रौढांना वाचायला द्या. मानधन देऊन.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे. वह्याच्या वह्या गोष्टी लिहिते, पण त्यांत माणसंच नसतात. सगळ्या पीएमपीच्या बसेस आणि डेपो. कात्रज डेपो चिडका, न. ता. वाडी डेपो म्हातारा आणि विसराळू. क्लासच्या बाई म्हणतात, तिला माणसांवर लिहायला लावा, नाहीतर प्रगती होणार नाही. काय करू?

उत्तर : काही करू नका, वह्या आणून द्या. चिडका आणि विसराळू असे दोन डेपो एका शहरात राहतात म्हटल्यावर त्यांच्यात काही ना काही होणारच. पात्रं बनवणं ते हेच, आणि ती ते कुणी न शिकवता करते आहे. उद्या तिला माणसं हवीशी वाटली तर ती आणेल. पहिला येईल तो बहुतेक कंडक्टर. नाही आणली तरी हरकत नाही.

बाईंना एवढंच सांगा की शुद्धलेखन तपासा, पात्रं तिची तिला ठरवू द्या. आणि तिची हरकत नसेल तर एका गोष्टीची झेरॉक्स मला पाठवा. तिला आधी विचारा मात्र. विसराळू डेपोने कोणती बस कुठे पाठवली, हे मला वाचायचं आहे.