तालीम चुकवायची नाही

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वेबच्या नोकरीत टीम लीडची जागा समोर आली आहे, नाटकाचा प्रयोग दीड महिन्यावर आहे आणि तू विचारतेस, 'वर्षभर नाटक थांबवू की नोकरीच सोडू?' दोन्ही नको. नाटकावर तुझं किती प्रेम आहे ते पत्राच्या ओळीओळीत दिसतंय, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला राग आला तो वेगळ्याच वाक्याचा. तू सहज लिहून गेलीस, 'ऑफिसात साइटचं रिलीज होतं म्हणून दोन तालमींना जाता आलं नाही, पण माझी वाक्यं पाठ आहेत.'

अगं, पाठांतर घरी होतं, तालीम घरी होत नाही. तू आली नाहीस त्या संध्याकाळी कोणीतरी हातात संहिता धरून तुझी प्रॉक्सी वाचली असेल. समोरच्या नटाने त्या सपाट आवाजाला उत्तरं दिली असतील. ज्या वाक्यावर तू मागे वळतेस तिथे वळणारं कोणी नव्हतं, म्हणून पुढे यायच्या जागी तो थबकला असेल, आणि दिग्दर्शकाने 'चला, पुढे' म्हटलं असेल. दोन दिवसांत तो थबकायलाच शिकला. तुझी गैरहजेरी त्याच्या अंगात मुरली. तुझी वाक्यं तुला पाठ असून त्याला काय उपयोग?

तालीम चुकवायची नाही.

आपलं वेबचं काम तसं नाही. ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी काढलेली शाखा, अर्धवट राहिली तर दुसरा कोणी ती पुढे नेतो. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपले बदल मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती, रात्रभर थांबू शकते. डिप्लॉय, म्हणजे नवी आवृत्ती चढवणं, फसलं तर आधीच्या आवृत्तीवर परत जाता येतं. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच जागी असण्याची गरज तिथे क्वचित पडते. तालमीत तर मुळात तेवढीच एक गरज असते. म्हणून जे हलू शकतं ते हलवायचं. तालीम हलत नाही.

वेळापत्रक हातात पडलं की त्याच दिवशी टीमच्या कॅलेंडरवर टाक. ऑन-कॉलची, म्हणजे साइट बिघडली तर धावून जायची, पाळी प्रयोगाच्या आठवड्यात येत असेल तर आत्ताच कोणाशी तरी बदलून घे, आणि त्याच्या अडचणीच्या आठवड्यात तू उभी राहा. तालमीच्या दिवशी दुपारनंतर प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू साइटवर, काही चढवू नकोस. हँडओव्हरची नोंद अशी लिही की तुला फोन करायची वेळच येऊ नये. आणि 'घरचं काम आहे' असं सांगू नकोस. 'तालीम आहे' म्हण. खोटं कारण पहिल्याच घाईच्या दिवशी मोडीत निघतं, कारण त्याच्या बाजूने भांडायला तुला स्वतःलाच जमत नाही. नाटकामुळे तुझी प्रेझेंटेशन्स सुधारतात वगैरेही ऐकवू नकोस. नाटकाने नोकरीची चाकरी कशासाठी करायची?

अजून एक. तू वेबवाली म्हणून संस्थेत कोणीतरी म्हणेलच, 'आपली साइट करून दे ना, तिकिटांचं पेमेंट पण जोडून दे.' नाटक उभं राहीपर्यंत नाही म्हण. नाहीतर तालमीच्या खोलीतही तू कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसशील, आणि तीही गैरहजेरीच.

नोकरी सोडायचं मात्र डोक्यातून काढ. फ्रेंच दिग्दर्शक आंद्रे आंत्वान पॅरिसच्या गॅस कंपनीत कारकून होता. 1887 मध्ये त्याने हौशी नटांना घेऊन 'तेआत्र लिब्र' ही नाट्यसंस्था सुरू केली तेव्हा दिवसा कचेरी आणि रात्री तालीम असंच चाललं होतं. पहिल्या प्रयोगासाठी आईच्या घरचं फर्निचर त्याने हातगाडीवर घालून नेलं. त्या यशानंतर त्याने नोकरी सोडली, आणि 1894 मध्ये कर्जापायी त्याला ती संस्थाही सोडावी लागली. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की तर मॉस्को आर्ट थिएटर चालवत असतानाही घरच्या जरीच्या कारखान्याचा कारभार बघत होता. नोकरी करणाऱ्याचं नाटक दुय्यम असतं हे तुला कोणी सांगितलं?

टीम लीडची जागा जरूर घे, पण होकार देण्याआधी तालमीच्या संध्याकाळी सांगून टाक. ऐकून तोंडं वाकडी झाली तर जागा नाकार. मी नाकारली होती. माझ्याकडून काम शिकलेली मुलं आज माझ्या वरच्या खुर्च्यांवर आहेत. ते टोचतं, अजूनही टोचतं. पण साइटवर अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या ज्या फ्लॅशच्या कामासाठी तेव्हा मला तालमी सोडायला सांगत होते, तो फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला बंद झाला. मी बांधलेल्या त्या साइट्सपैकी आज एकही चालत नाही. नाटकंही संपलीच, म्हणशील. संपली. पण त्यातल्या एकाही संध्याकाळी माझ्या जागी कोणाला प्रॉक्सी वाचावी लागली नाही, आणि हे मला कुठल्याही पदापेक्षा मोठं वाटतं. स्वतःचं समर्थन करतेय असं वाटत असेल तर वाटू दे. इतकी वर्षं ज्यावर उभी आहे त्याचं समर्थन मी करणारच.

रागावले म्हणून हिरमुसू नकोस. तू चांगली नटी आहेस, म्हणून तर एवढं लिहिलं.

रंगीत तालमीच्या आणि प्रयोगाच्या दिवसाची रजा अजून टाकली नसशील तर आज टाक. अर्ध्या दिवसाची नको, पूर्ण टाक. मंजूर झाली की कळव. प्रयोगाला मी येते आहे.

तुझी,
ताई