कोकणात तंबू घेऊन जाताना डिकी कशी भरावी?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नवरा-बायको आणि दोन मुलं (वय ६ आणि १०), छोटी एसयूव्ही, डिसेंबरात केळशी-आंजर्ल्याच्या बाजूला तंबू लावून दोन रात्री. सामान डिकीत मावत नाही, पोहोचल्यावर हवं ते सापडत नाही. टपावर कॅरिअर बसवून घ्यावं का?

आधी कॅरिअरचं सांगतो: नको. टपावर किती वजन चालेल याची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बहुतेक छोट्या गाड्यांना ती ५० ते ७५ किलोच्या आसपास असते आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं असतं. शिवाय ताम्हिणी घाटाच्या वळणांवर उंचावरचं वजन गाडीला बाहेरच्या बाजूला कलवतं. गाडीत पाचवं माणूस असेल किंवा सीएनजीच्या टाकीने डिकी खाल्ली असेल तरच कॅरिअरचा विचार करा. तेव्हाही वर फक्त हलकं आणि फुगीर सामान ठेवायचं: गाद्या, उशा, तंबू, तेही ताडपत्रीत गुंडाळून. पाणी, गॅस, भांडी कधीही टपावर नाही.

तुमची अडचण जागेपेक्षा क्रमाची आहे. घरी आपण सामान जातीप्रमाणे भरतो: कपड्यांत कपडे, भांड्यांत भांडी, विजेऱ्या म्हणजे 'किरकोळ' पिशवीत. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, मात्र सामान वेळेप्रमाणे लागतं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. तुम्ही साडेपाचला पोहोचलात तर पहिल्या अर्ध्या तासात ताडपत्री, तंबू, हातोडा, विजेरी, डासांचं मलम आणि मुलांच्या तोंडात घालायला काहीतरी, एवढंच हवं असतं. नेमकं हेच सगळं पाच वेगवेगळ्या पिशव्यांच्या तळाशी असतं. म्हणून गठ्ठे वेळेचे करा: वाटेत लागणारं, पोहोचताच लागणारं, स्वयंपाकाचं, झोपायचं. पाचवा गठ्ठा जाताना रिकामाच न्यायचा, परतीच्या ओल्या सामानासाठी.

क्रेट घ्यायच्या आधी टेप घेऊन डिकी मोजा. फक्त लांबी-रुंदी नको; दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर, दाराची उंची आणि मागच्या सीटच्या पाठीची उंचीही लिहून घ्या. क्रेट सरळ भिंतींचे, झाकणाचे आणि एकाच मापाचे हवेत. साधारण ४५ बाय ३५ सेंटिमीटर आणि उंची ३० हे माप बऱ्याच गाड्यांत दोन शेजारी दोन बसतं. गोल टब आणि तळाशी निमुळत्या होत गेलेल्या बादल्या जागा फुकट घालवतात. भाजीवाल्यांकडचा जाळीचा क्रेटही एक घ्या. समुद्रावरच्या चपला, खेळणी, फावडी त्यात टाकली की वाळू आपोआप खाली गळते.

भरलेला एक क्रेट १२ ते १५ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. गाडी तंबूपर्यंत जाईलच असं नाही. वाड्यांमधून बऱ्याचदा पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट असते, गाडी रस्त्यावर राहते आणि सामान शंभर-दोनशे पावलं हाताने न्यावं लागतं. आणि गाडी थेट पुळणीवर उतरवायचा मोह आवरा. कोरड्या वाळूत चाक फिरत फिरत रुततं, मग भरती यायच्या आत ट्रॅक्टर शोधत गावभर हिंडावं लागतं.

भरायचा क्रम उलटा असतो, जे शेवटी लागणार ते आधी आत. वजनदार वस्तू, म्हणजे पाण्याचे कॅन आणि स्वयंपाकाचा क्रेट, डिकीच्या तळाशी आणि मागच्या सीटला अगदी टेकून. त्यावर आणि कडेच्या फटींत झोपायचं मऊ सामान. दाराला लागून, सगळ्यात शेवटी, 'पोहोचताच' वाला गठ्ठा. सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचू नका. घाटात करकचून ब्रेक लागला तर वरचं पातेलं सरळ मुलांच्या डोक्यावर येतं. उंच रचावंच लागलं तर जाळी किंवा पट्टा आवळून घ्या. वाटेत लागणारी पिशवी डिकीत ठेवूच नका, ती पुढच्या सीटच्या पायाशी राहू दे: पाणी, सुका खाऊ, ओले रुमाल, एक जोड कपडे आणि घाटात उलटी झाली तर लागणाऱ्या चार-पाच पिशव्या. हरिहरेश्वर करून बागमांडला-वेसवी फेरीने जाणार असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा, कारण फेरीवर गाड्या इतक्या चिकटून उभ्या करतात की डिकी उघडायला जागा मिळत नाही.

सगळेजण विसरतात ती गोष्ट म्हणजे स्टेपनी. बऱ्याच गाड्यांत ती डिकीच्या तळपाटाखाली असते. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला सगळा संसार बाहेर काढावा लागतो. निघायच्या आदल्या दिवशी स्टेपनीतली हवा बघा. जॅक आणि पाना काढून सीटखाली ठेवा. ताडपत्री वरच असली की सामान मांडायला ती रस्त्यावर पसरता येते. भरलेल्या गाडीसाठी टायरमधली हवा थोडी जास्त लागते. आकडा सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो.

आता तंबू. डब्यावर '४ माणसांचा' लिहिलेलं असतं ते चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपली तर. चौघांना सामानासह ६ माणसांचा घ्या. सोबत येणाऱ्या बारीक अॅल्युमिनियमच्या खुंट्या कोकणात दोन्हीकडे नापास होतात. जांभ्याच्या कातळी जमिनीत त्या वाकतात आणि पुळणीत नुसत्या ओढल्या तरी निघतात. म्हणून दोन प्रकार न्या. जांभ्यासाठी ८ ते १० इंची जाड लोखंडी खिळे डझनभर आणि एक किलोचा हातोडा. हाताला लागेल तो दगड उचलून खिळा सरळ जात नाही. वाळूसाठी आठ कापडी पिशव्या. पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि दोरीच्या ओढीला आडवी, हात-दीड हात खोल पुरायची. वरची वाळू पायाने दाबून थोडं पाणी ओतलं की रात्रीच्या वाऱ्यातही ती हलत नाही. पिशव्या जाताना घडी करून खिशात मावतील एवढ्याच होतात, म्हणून खास रुंद खुंट्यांपेक्षा मला त्या जास्त सोयीच्या वाटतात.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी बोटभर आतच राहिली पाहिजे. बाहेर डोकावली की वरच्या कापडावरून ओघळलेलं दव तिच्यावर साचून तंबूखाली शिरतं. डोक्यावर छपरासाठी वेगळी, १२ बाय १५ फुटांची ताडपत्री आणि ४ मिलिमीटर नायलॉन दोरीचे ५ मीटरचे सहा तुकडे. दोरी आधीच तोडून, टोकं जाळून न्या. तिथे कात्री सापडत नाही.

जागा निवडताना नारळाखाली तंबू नको, कितीही सावली असो. नारळ पडतोच, पण वाळलेली झावळ जास्त वेळा पडते आणि तिचा देठ भलताच वजनदार असतो. सुरूच्या बनात वर तुटून अडकलेली फांदी नाही ना ते बघा. वाडीत किंवा कुणाच्या खळ्यात लावणार असाल तर मालकाला आधी विचारा, किनाऱ्यावर लावायचा तर ग्रामपंचायतीत विचारा. वाडीत विहीर आणि संडास मिळतो, मुलं बरोबर असताना तेच बरं. दिवसा खारे वारे समुद्राकडून, रात्री मतलई वारे जमिनीकडून. तंबूचं दार वाऱ्याला आडवं ठेवलं तर दोन्ही वेळा हवा खेळते आणि वाळू आत येत नाही. भरतीची वेळ ढोबळमानाने तिथीच्या पाऊणपटीने निघते: अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर येतं, म्हणून काल वाहून आलेल्या काड्यांची ओळ दिसते तिच्याही पुष्कळ मागे राहा.

झोपायला जाड स्लीपिंग बॅग उगाच जागा खातात. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर पहाटे साधारण १६ ते २० अंश असतं. थंडी लागते ती खालून. प्रत्येकी एक फोमची चटई, वर सतरंजी, पांघरायला एक चादर आणि मुलांना एक गोधडी, एवढं पुरतं. चटया गुंडाळू नका. डिकीत सीटच्या पाठीला उभ्या सपाट लावल्या तर त्यांची जागा जवळजवळ मोजावीच लागत नाही.

स्वयंपाकाच्या क्रेटमध्ये डब्यातल्या बुटेनवर चालणारी एका बर्नरची शेगडी. २२० ग्रॅमचा डबा मोठ्या आचेवर सव्वा तासाच्या आसपास चालतो. चौघांच्या दोन रात्रींना तीन डबे आणि एक राखीव. वाऱ्याला आडोसा म्हणून शेगडीभोवती पत्रा गुंडाळू नका, आणि डब्याच्या कप्प्यावर येईल एवढा मोठा तवा ठेवू नका. दोन्हींमुळे डबा तापतो आणि फुटू शकतो. आडोसा हवा तर वाऱ्याच्या बाजूला, दोन हात लांब, क्रेट उभा करा. डबे उन्हातल्या बंद गाडीत राहू द्यायचे नाहीत, सावलीत काढून ठेवायचे. तंबूच्या आत शेगडी किंवा कोळशाची निखाऱ्याची टोपली कधीच नाही. त्यातून येणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

पाच लिटरचा कुकर न्या आणि रिकामा नेऊ नका. त्याच्यात मिसळणाचा डबा, लायटर, सुरी आणि मुख्य म्हणजे त्याची स्वतःची शिट्टी व रिंग. शिट्टी घरी ओट्यावर राहिल्याने फसलेले बेत मोजायला बसलो तर यादी लांबेल. धान्य सुटं न नेता जेवणावारी पुड्या बांधा: ३०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम मूगडाळ, हळद, मीठ, की एका रात्रीची खिचडी. रवा घरीच फोडणीत भाजून न्या, तिथे फक्त उकळतं पाणी. कोकमाचं आगळ लहान बाटलीत न्या, पण बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. सांडलं तर डाग जात नाही.

पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, पिण्या-स्वयंपाकाचं. चौघांना दोन दिवसांचे ३२ लिटर होतात. सगळं घरून वाहू नका. १० लिटरचे तोटीवाले दोन कॅन भरून न्या आणि गावात पुन्हा भरा. किनाऱ्याला लागून असलेल्या विहिरीचं पाणी मचूळ असू शकतं, चव घेतल्याशिवाय भरू नका. बर्फाच्या पेटीत सुटा चुरा न टाकता एक लिटरच्या बाटल्या गोठवून न्या. त्या जास्त टिकतात, डाळ-भाजी भिजत नाही आणि वितळल्यावर पाणी प्यायला होतं. पेटीचा निदान तिसरा हिस्सा बर्फाचा हवा. हर्णैच्या लिलावात मासळी घ्यायचा बेत असेल, आणि तिकडे जाऊन तो नसणं अवघडच आहे, तर मासळीला वेगळी थर्माकोलची पेटी न्या. वास एकदा मुख्य पेटीत बसला की पुढचे सहा महिने दुधाला पापलेटचा वास येतो.

रात्री चपला-बूट दाराबाहेर ठेवू नका, पिशवीत बांधून आत घ्या आणि सकाळी झटकूनच घाला. जांभ्याच्या गडग्यांत, म्हणजे दगडी कुंपणांत, विंचू असतात. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण त्यासाठी वेळेत दवाखाना गाठावा लागतो. चिरा देणं, मंत्र घालणं यात वेळ घालवायचा नाही, १०८ लावायचा. विजेऱ्या चार, प्रत्येकाच्या गळ्यात एक. केळशी-आंजर्ल्याला नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून समुद्राच्या दिशेने प्रखर दिवे आणि शेकोटी नको; मंद पिवळा किंवा लाल दिवा ठेवा. आणि डिकी रात्रभर उघडी टाकू नका. तिच्यातला छोटा दिवा सकाळपर्यंत बॅटरी उतरवतो.

परतीचं भरणं वेगळं असतं. पाऊस नसला तरी पहाटेच्या दवाने वरचं कापड चिंब असतं. उन्हात नऊ-साडेनऊपर्यंत वाळायची वाट बघायला वेळ नसेल तर ते आतल्या तंबूबरोबर गुंडाळू नका, रिकाम्या ठेवलेल्या पिशवीत वेगळं भरा. तंबू आत लहान केरसुणीने झाडून, उलटा धरून झटका. दाराशी पाय धुवायला एक टब ठेवला असेल तर वाळू निम्मीच निघेल. घरी आल्यावर त्याच दिवशी सगळं गच्चीत पसरा. ओला तंबू दोन दिवस पिशवीत राहिला की बुरशी धरतो आणि आतला लेप पुढे चिकट होऊन सुटतो. चेनवरचं खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मेणबत्ती फिरवून ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला ती अर्ध्यातच अडकते. स्वयंपाकाचा क्रेट मात्र रिकामा करू नका. संपलेलं तेवढं भरून, काय भरलं त्याचा कागद झाकणाच्या आतून चिकटवा आणि माळ्यावर टाका.