मुलांच्या मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती कामासाठी अनुदान: इंदूरकर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: रामबागेतलं आमचं मंडळ मध्य प्रदेश सोसायटी कायदा 1973 खाली नोंदलेलं आहे. वरचा मजला रिकामाच असतो. तिथे व्यसनात अडकलेल्या शाळकरी मुलांसाठी 10 खाटांचं केंद्र काढायचं आहे. सरकारी अनुदान कुठून मिळेल?

उत्तर: खाटांपासून सुरुवात करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेले मानसिक त्रासही येतात. त्यामुळे मुलांना ठेवून घेणारं केंद्र कलम 65 प्रमाणे नोंदवावं लागतं. विनानोंदणी चालवलं तर पहिल्याच वेळी 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे. 18 वर्षांखालच्या मुलांना कलम 87 लागू होतं. दोन मनोविकारतज्ज्ञांनी, किंवा एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर वा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी, मुलाला स्वतंत्रपणे तपासायला हवं. त्याची राहण्याची जागा मोठ्यांपासून वेगळी हवी. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत हवी. दाखल केल्यापासून 72 तासांत या कायद्याखाली नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं आणि मुक्काम 30 दिवसांपुढे गेला तर पुन्हा लगेच कळवावं लागतं. एवढं मनुष्यबळ तुमच्यासारख्या मंडळाकडे नसतं, आणि ते नसताना मुलं ठेवून घेणं त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

मुलांची गरजही वेगळी असते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात हुंगण्याच्या पदार्थांचं (पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर वगैरे) प्रमाण मोठ्यांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयोगटात 1.7 टक्के आढळलं. हा मुलगा रस्त्यावर, शाळेच्या फाटकाशी किंवा भंवरकुआच्या कोचिंगबाहेर भेटतो. त्याच्यापर्यंत जाणारा माणूस आधी हवा.

त्याच मंत्रालयाच्या अमली पदार्थ मागणी घट राष्ट्रीय कृती आराखड्यात या कामासाठी दोन प्रकार आहेत. एकात समवयस्क मुलांना तयार करून त्यांच्यामार्फत वस्तीत काम चालतं. दुसऱ्यात वस्तीसंपर्क आणि येऊन बसण्याचं केंद्र असतं. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर करायचा. त्याआधी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा (तिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद होते) क्रमांक घ्यावा. तुमच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून तीन संध्याकाळी समुपदेशन सुरू करा. औषधोपचार लागेल त्या मुलाला एम. वाय. हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात पाठवा, आणि पहिल्या वेळी तुमचा माणूस सोबत जाऊ द्या. नुसती चिठ्ठी हातात दिली की बरीच मुलं तिथवर पोचतच नाहीत. टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416 आणि नशामुक्ती हेल्पलाइन 14446 हे क्रमांक दारावर आजच लावा, त्याला अनुदान लागत नाही.

प्रश्न: पीथमपूरची एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून) पैसे द्यायला तयार आहे. पण त्यांचे अधिकारी म्हणतात, प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांवर नको. मग समुपदेशकाचा पगार कुठून काढायचा?

उत्तर: हा गैरसमज फार पसरला आहे आणि त्यापायी चांगली कामं उपाशी मरतात. 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःचं सीएसआरचं काम चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चावर आहे. समुपदेशकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. अंदाजपत्रकात 'कर्मचारी' असं मोघम न लिहिता 'सेवा: समुपदेशन' असं लिहा आणि शेजारी वर्षाची सत्रं मांडा.

नमुन्यादाखल आकडे देतो, तुमचे दर घालून बदलून घ्या. समुपदेशक दरमहा 30,000 प्रमाणे वर्षाचे 3,60,000. वस्तीत फिरणारा कार्यकर्ता 18,000 प्रमाणे 2,16,000. मनोविकारतज्ज्ञांच्या महिन्याला दोन भेटी, प्रत्येकी 5,000, म्हणजे 1,20,000. प्रवास 72,000, प्रशिक्षण 40,000, कुलपाचं कपाट, फोन आणि नोंदवह्या 30,000, ऑडिट 25,000. एकूण 8,63,000. जागा मंडळाची असली तरी तिचं भाडं 'संस्थेचा वाटा' म्हणून शेजारच्या रकान्यात दाखवा. यातलं काही कापायची वेळ आली तर मनोविकारतज्ज्ञांच्या भेटींना हात लावू नका. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या मुलापुढे समुपदेशकाला एकटं सोडता येत नाही.

कंपनी रॅली किंवा मॅरेथॉन मागेल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या जून 2014 च्या परिपत्रकात असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले नव्हते (2021 मध्ये त्या परिपत्रकाची जागा नव्याने घेतली), हे नम्रपणे सांगा. तुमचं काम कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मधल्या पहिल्याच मुद्द्यात, आरोग्यसेवेत, बसतं. कंपनीला वर्षाचा कृती आराखडा संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून प्रस्ताव जानेवारीतच हातात द्या. मे महिन्यात गेलात तर पैसे बहुधा वाटून झालेले असतात.

कागद: 12ए आणि 80जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-1 चा क्रमांक (सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेची नोंदणी), तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, आणि सोसायटीची धारा 27 व 28 ची कागदं, म्हणजे कार्यकारिणीची यादी व हिशेब, दरवर्षी भरल्याचा पुरावा. घोडं अडतं ते बहुतेक इथेच. निवडणूक होते, नवे अध्यक्ष येतात, पण निबंधकाकडे यादी जुनीच राहते. पॅनवर 'मंडळ', बँकेत 'मंडल' आणि दर्पणवर तिसरंच काही, असंही होतं. अर्ज भरण्याआधी नाव सगळीकडे अक्षरशः एक करून घ्या.

प्रश्न: देणगीदार म्हणतात, मुलांची नावं आणि आधी-नंतरचे फोटो द्या. नाही म्हटलं तर पैसे जातील का?

उत्तर: गेले तरी देऊ नका. 2017 च्या कायद्याचं कलम 23 ही माहिती गोपनीय ठेवायला सांगतं, शिवाय शाळेत एकदा नाव फुटलं की तो मुलगा परत तुमच्या पायऱ्या चढत नाही. प्रत्येक मुलाला क्रमांक द्या. नाव आणि क्रमांक जोडणारी वही एकच ठेवा, कपाटात, किल्ली समुपदेशकाकडे. अहवालात आकडे द्या: नवी नोंद किती, तिसऱ्या भेटीला आलेले किती, रुग्णालयात खरोखर पोचलेले किती, तीन महिन्यांनंतर शाळेत टिकलेले किती. एखाद्या मोहल्ल्यातली दोनच मुलं असतील तर मोहल्ल्याचं नाव गाळा, लोक लगेच ओळखतात. 'व्यसनमुक्त झालेले' हा रकाना मागितला तर नकार द्या. घसरणं आणि पुन्हा येणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्या रकान्यापायी खोट्या नोंदी होतात.

प्रश्न: केंद्र सरकारचं अनुदान 31 मार्चला शिल्लक राहिलं, त्यावर व्याजही जमलं. ते मंडळाच्या गणेशोत्सव खात्यात वळवता येईल का?

उत्तर: अजिबात नाही. व्याजही सरकारचंच, ते परत भरायचं असतं. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) सरकारी वित्तीय नियमांच्या जीएफआर 12-ए नमुन्यात, वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत द्यावं लागतं. ते अडलं की पुढचा हप्ता अडतो. हप्ते तसेही उशिरा येतात, म्हणून सहा महिन्यांच्या पगाराची रक्कम स्थानिक देणग्यांतून बाजूला काढल्याशिवाय कोणाला नेमू नका.

प्रश्न: माझा भाचा न्यू जर्सीत आहे, त्याला दरवर्षी पैसे पाठवायचे आहेत. घ्यावेत का?

उत्तर: त्याचा पासपोर्ट कोणता ते आधी विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असूनही ती परकीय देणगीच, आणि एफसीआरए म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, गेल्या तीन वर्षांत कामावर 15 लाख खर्च झालेले हवेत, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तोवर भाच्याला सांगा, तुझे इंदुरातले आई-वडील स्वतःच्या मिळकतीतून देणगी देत असतील तर ती आम्ही आनंदाने घेऊ, पण तुझे डॉलर त्यांच्या नावावर फिरवून नकोत.