वडिलांच्या आजारपणात अंतर्गत परीक्षा बुडाली. कॉलेजकडून सवलत मिळते का, आणि ती कशी मागायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही निफाड तालुक्यातले, नाशिकच्या कॉलेजात टीवाय बीएस्सीला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला. फेब्रुवारीत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून दवाखाना आणि ऐन काढणीला आलेली द्राक्षबाग दोन्ही तुमच्या अंगावर पडलं. अंतर्गत परीक्षा बुडाली, जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) अपुरं राहिलं, हजेरी घसरली. आणि आता कॉलेजात जाऊन काही मागायचा संकोच वाटतो.

सवलत मिळते. मी नाशिकमध्ये पदवीच्या मुलांना शिकवते आणि बरीच वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागाचं कामही बघते आहे, म्हणून हे खात्रीने सांगते. मात्र 'मला सवलत द्या' एवढंच म्हटलं तर समोरच्याला काही करता येत नाही. कुठल्या विषयाचं काय राहिलं आणि ते कोणाच्या अधिकारात येतं, हे आधी तुम्हाला माहीत हवं.

तुमचं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे असं मी धरते. (नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठाचे आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाचेही विद्यार्थी असतात. त्यांचे नियम निराळे, त्यांनी या उत्तरातली प्रक्रिया जशीच्या तशी घेऊ नये.) बहुतेक विषयांत ३० टक्के गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेचे असतात. सत्रांत परीक्षेचं वेळापत्रक विद्यापीठाचं असतं. तो पेपर एका विद्यार्थ्यासाठी पुढे जात नाही, प्राचार्यांनाही तो पुढे नेता येत नाही. त्यामुळे त्यासाठी विनवण्या करण्यात वेळ घालवू नका. अंतर्गत गुणांचं मात्र तसं नाही. ती परीक्षा कॉलेजच घेतं, कॉलेजच तपासतं. तुमच्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढून ती पुन्हा घेणं, लेखी परीक्षेऐवजी तोंडी घेणं किंवा असाइनमेंटची मुदत वाढवणं विभागाला शक्य असतं.

यात एक अडचण आहे आणि मुलांना ती कोणी सांगत नाही. अंतर्गत गुण ठरलेल्या तारखेच्या आत विद्यापीठाच्या पोर्टलवर भरावे लागतात. ती मुदत संपली की पोर्टल बंद होतं आणि मग कितीही कळवळ्याचे शिक्षक असले तरी त्यांच्या हातात फारसं उरत नाही. दरवर्षी एखादं तरी पोर डोळ्यांत पाणी आणून येतं, त्याचं कारण शंभर टक्के खरं असतं आणि गुण मात्र आदल्या आठवड्यात गेलेले असतात. असं कोणी समोर उभं राहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण तेच पोर चार दिवस आधी आलं असतं तर काम अर्ध्या तासाचं होतं. म्हणून वडील पूर्ण बरे होण्याची, बाग उतरण्याची वाट बघू नका. स्वतः येणं जमत नसेल तर आज वर्गशिक्षकांना फोन करा, निदान मेसेज तरी टाका, आणि अर्ज मित्राच्या हाती पाठवा.

जर्नलकडे सगळ्यात आधी बघा. सायन्सच्या मुलांचं नुकसान बहुधा इथेच होतं. जर्नल सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसणंच अवघड होतं. राहिलेली प्रात्यक्षिकं लॅबमध्ये भरून काढण्यासाठी दिवस मागून घ्या. लॅब असिस्टंटशीही नीट बोला, कारण लॅब कधी मोकळी असते हे त्यांनाच ठाऊक असतं. प्रॅक्टिकल परीक्षा बॅचप्रमाणे चालते. ज्या दिवशी वडिलांना दाखवायला न्यायचं आहे त्याच दिवशी तुमची बॅच आली असेल, तर पुढच्या बॅचमध्ये घ्या म्हणून आधी सांगता येतं. परीक्षा सुरू झाल्यावर ते कठीण जातं.

हजेरीची अट साधारण ७५ टक्क्यांची असते. डिफॉल्टर लिस्टमध्ये (हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत) नाव लागलं म्हणून घाबरून कॉलेज टाळू नका. सबळ कारण आणि कागद असेल तर तूट माफ करण्याचा मर्यादित अधिकार प्राचार्यांकडे असतो, आणि जवळच्या माणसाच्या गंभीर आजारपणात तो वापरलेला मी पाहिला आहे.

आता अर्ज. मुलं दोन दोन पानं लिहून आणतात, त्यात घरची सगळी हकिकत असते आणि नेमकं काय हवंय ते शोधावं लागतं. अर्ज एका पानाचा असावा, साधारण असा :

प्रति, मा. प्राचार्य.
मार्फत : विभागप्रमुख.
विषय : अंतर्गत परीक्षा पुन्हा देण्यास परवानगी व जर्नल पूर्ण करण्यास मुदत मिळण्याबाबत.
महोदय, मी टीवाय बीएस्सी वर्गात शिकत असून माझा हजेरी क्रमांक … व पीआरएन … आहे. माझ्या वडिलांना दि. … रोजी अर्धांगवायूचा झटका आल्याने ते दि. … पर्यंत रुग्णालयात दाखल होते. घरात दुसरे कर्ते माणूस नसल्याने मला त्यांच्यासोबत थांबावे लागले. त्यामुळे … व … या विषयांच्या अंतर्गत परीक्षा मी देऊ शकलो नाही, तसेच प्रात्यक्षिक क्र. … ते … राहिली आहेत. या परीक्षा दि. … नंतर पुन्हा देण्याची परवानगी मिळावी व जर्नल पूर्ण करण्यासाठी दि. … पर्यंत मुदत मिळावी, तसेच या काळातील अनुपस्थितीचा सहानुभूतीने विचार व्हावा, ही विनंती. सोबत रुग्णालयाच्या कागदपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. आपला विश्वासू, …

(पीआरएन म्हणजे विद्यापीठाने दिलेला तुमचा कायम नोंदणी क्रमांक.) तारखा तुम्हीच सुचवा. आपल्याला कधी जमेल हे लिहिलेलं असलं की विभागप्रमुखांना हो म्हणणं सोपं जातं. अर्जाच्या दोन प्रती करा. एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घेऊन ती जपून ठेवा. 'ठेवून जा, बघतो' असं म्हणाले तरी ओसीवर, म्हणजे आपल्याकडच्या प्रतीवर, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी दिलेला शब्द माणूस बदलला की राहत नाही.

कागदपत्रांत डिस्चार्ज कार्ड असलं की बहुतेक काम होतं. वडील अजून दाखल असतील तर केसपेपरची प्रत किंवा डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र चालतं. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते आणि दाखला हातात यायला वेळ जातो. अर्ज आधी द्या, 'दाखला मिळताच सादर करतो' असं त्यात लिहा. गारपिटीने बाग गेली असेल तर पंचनाम्याची प्रत जोडा. आमच्या वर्गांत निफाड, दिंडोरी, चांदवडची कितीतरी मुलं असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाच्या घरात काय चालतं हे नाशिकच्या शिक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. तुम्हाला कोणीतरी सल्ला देईल की ओळखीच्या डॉक्टरकडून स्वतःच्याच नावाचं मेडिकल सर्टिफिकेट आण, म्हणजे लवकर काम होईल. आणू नका. तुमचं खरं कारण पुरेसं आहे, त्याहून जड कारण कुठलं असणार? खोटं सर्टिफिकेट उघडं पडलं तर खऱ्या आजारपणावरही कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि त्याचा त्रास तुमच्यानंतर येणाऱ्या मुलालाही होतो.

संकोचाबद्दल लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. तुम्ही गुण मागत नाही आहात, परीक्षा द्यायची संधी मागत आहात. ज्या मुलांनी वेळेवर परीक्षा दिली त्यांच्यावर यात अन्याय होत नाही, कारण तुम्हालाही तेवढाच अभ्यास करून तेवढाच पेपर लिहायचा आहे. सगळं घर एकट्यावर पडलं की रात्र रात्र झोप लागत नाही. तसं होत असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. वर्गशिक्षकांनाही हे सांगायला हरकत नाही.

नकार मिळाला तर? आधी विभागप्रमुख, मग परीक्षा अधिकारी, मग प्राचार्य या क्रमाने भेटा, आणि नकार लेखी मागा. बरेचदा लेखी म्हटल्यावरच प्रकरण नीट वाचलं जातं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा असं त्यात म्हटलं आहे. तिचा निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. पण तुमची मुदत आठवड्यांत मोजायची आहे. म्हणून ही वाट शेवटची ठेवा, आणि समितीकडे अर्ज दिलात तरी विभागात जाणं थांबवू नका.

आणखी एक, इतरांसाठी : अपघातात लिहिता हात मोडला असेल तर लेखनिकासाठी (आपण सांगू ते लिहून देणाऱ्या माणसासाठी) डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह परीक्षेच्या आधीच परीक्षा विभागात अर्ज द्यावा लागतो. पेपरच्या दिवशी सकाळी येऊन ते होत नाही. ४० टक्के किंवा जास्त कायम अपंगत्व असून लेखनिक मिळालेल्या विद्यार्थ्यांना ताशी निदान २० मिनिटं जास्तीची मिळतात, ती तरतूद वेगळी आहे.

राहिला सत्रांत परीक्षेचा प्रश्न. बसता येईल की नाही अशी शंका असली तरी परीक्षेचा फॉर्म भरा. फॉर्म भरून एखादा पेपर चुकला तर तो विषय बॅकलॉगला जातो आणि पुढच्या वेळी देता येतो. फॉर्मच भरला नाही तर त्या सत्राच्या परीक्षेत तुम्ही नाहीच. साधी मुदत गेली असेल तर विलंब शुल्काची तारीख बघा, आणि पैशांची ओढाताण असेल तर ऑफिसात तसं सांगा. विद्यार्थी विकास विभागाकडे कमवा व शिका योजनेचीही (कॉलेजात काम करून पैसे मिळवायच्या) चौकशी करा. सगळे पेपर झेपणार नसतील तर जे पक्के निघतील तेवढेच नीट तयार करा. तुमच्या जागी मी राहिलेल्या विषयांचे अंतर्गत गुण आणि जर्नल आधी हातावेगळं केलं असतं. ते झालं की बॅकलॉगला उरेल तो फक्त लेखी पेपर, आणि त्याचा अभ्यास घरी वडिलांजवळ बसूनही होतो.

तुमच्या कॉलेजची गुण भरण्याची शेवटची तारीख परीक्षा विभागातून आज विचारून घ्या. ती कळली की अर्जात कुठल्या तारखा टाकायच्या ते इथेच कमेंटमध्ये विचारा, मी बघून सांगते.